करपलेल्या मेथ्या

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी मला भोळी म्हणायला नको. मी एकोणतीस वर्षं हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलंय. स्लाइडवर दिसलं तर आहे, नाही दिसलं तर नाही... एवढंच माझं तत्त्वज्ञान. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी दुपारच्या चहाबरोबर वाचते ते निव्वळ करमणूक म्हणून, आणि पांढऱ्या साडीतली बाई आली की सरळ पुढे स्क्रोल करते. तरी आज लिहायला बसलेय, कारण दुसऱ्याच्या डोळ्यांवर शंका घेणं सोपं, स्वतःच्या नाकावर कशी घ्यायची?

आम्ही लंडनजवळ पिनरला राहतो. मी आणि आमचे हे, श्रीकांत, रिटायर्ड अ‍ॅनेस्थेटिस्ट. जन्मभर लोकांना भूल दिली, पण स्वतः ताटावर बसले की एकदम जागे. आमटीत गूळ किंचित कमी पडला तर जिन्यावरूनच वासाने ओळखायचे. अडीच वर्षांपूर्वी यांना व्हायरल इन्फेक्शन झालं. ताप चार दिवसांत उतरला, पण वास आणि चव गेली ती गेलीच. स्पेशालिस्टला दाखवलं, त्यांनी रोज लवंग आणि लिंबू हुंगायचा व्यायाम दिला. सहा महिने केला. शून्य.

तुम्ही म्हणाल, त्यात एवढं काय. मीही आधी तेच म्हणत होते. पण खाणाऱ्या माणसाचं खाणं सुटतं म्हणजे काय होतं, ते घरात बघावं लागतं. "पुठ्ठा चावतोय असं वाटतं गं," म्हणायचे, आणि चार घासांत उठायचे. अकरा किलो वजन उतरलं. पट्ट्याला मी दाभणाने दोन नवीन भोकं पाडली. आणि बोलणं कमी झालं, ते सगळ्यात वाईट. यांच्या सगळ्या गप्पा, चेष्टा, जुने किस्से जेवणाच्या टेबलावरचे. टेबलच सुटलं, तर गप्पा कुठून येणार? स्पष्टच लिहिते, मला भीती वाटायला लागली होती. हा माणूस असाच रोज थोडा थोडा कमी होत जाणार आणि मी समोर ताट घेऊन बसणार.

आता सासूबाईंबद्दल सांगायला हवं. त्या शेवटची अकरा वर्षं आमच्याजवळ पिनरलाच होत्या. जाऊन चार वर्षं झाली. माझं आणि त्यांचं भांडण एकच, पण ते अकरा वर्षं पुरलं — मेतकूट. डाळी, तांदूळ, गहू, धने-जिरे, सगळं बाई सुरेख भाजायच्या आणि शेवटी मेथ्या करपवायच्या. दर वेळी. इथल्या इलेक्ट्रिक हॉबची, म्हणजे विजेच्या शेगडीची, सवय त्यांना कधी झालीच नाही. बटण बंद केलं की खालची आच संपली, असं त्या धरून चालायच्या, आणि मेथ्या तव्यावर तशाच ठेवून देवापाशी दिवा लावायला जायच्या. मी खिडक्या उघडत म्हणायची, "आई, मेथ्या करपल्या." त्या शांतपणे म्हणायच्या, "करपल्या नाहीत गं, खमंग भाजल्यात." आणि यांना तेच आवडायचं. आजारातून उठलं की मऊ भात, तूप आणि आईचं ते किंचित कडवट मेतकूट. त्या गेल्यावर मी करायला लागले ते टायमर लावून, सोनेरी मेथ्यांचं. हे मुकाट्याने खायचे, पण "वा" कधी म्हणाले नाहीत. ते माझ्या मनात होतंच.

आमची मुक्ता इथेच जन्मली, इथेच डॉक्टर झाली, आणि तिच्याबरोबरचे निम्मे डॉक्टर गेले तशी तीही ऑस्ट्रेलियाला गेली. केर्न्सला. गरम, दमट, समुद्रकाठचं गाव. एका बाजूला कोरल रीफ आणि दुसऱ्या बाजूला रेनफॉरेस्ट. गेल्या ऑगस्टमध्ये तिने आमची तिकिटंच काढली. आता लेकीच्या घरी मोकळ्या हाताने कोण जातं? मी आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात किलोभर मेतकूट भरलं. डब्यावर 'व्हॅनिला' तसंच. आपल्या कुठल्या घरात आइस्क्रीमच्या डब्यात आइस्क्रीम असतं, सांगा.

तिथल्या विमानतळावरच्या फॉर्मवर खाण्याचा पदार्थ आहे असं मी प्रामाणिकपणे लिहिलं होतं. तिथल्या ऑफिसरने झाकण उघडलं, पिवळी पावडर बघितली, व्हॅनिला वाचलं, माझ्याकडे बघितलं. मी बिचाऱ्याला डाळींची नावं सांगत बसले. घरगुती, धान्याचं, काय घातलंय त्याची चिठ्ठी नाही... अगदी सॉरी म्हणत त्याने डबा बिनमध्ये टाकला. मी हळहळत होते, तर हे म्हणाले, "जाऊ दे शैला, मला तसंही काय कळणार होतं?" डबा गेल्यापेक्षा ते जास्त लागलं मला.

थोडक्यात, आमच्या सामानात मेतकुटाचा कण नव्हता. हे लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी मुक्ताने काचेच्या तळाच्या बोटीतून रीफ दाखवलं. पायाखालून निळे-पिवळे मासे चाललेत, कासव चाललंय, बोटीतली पोरं ओरडतायत आणि हे आपले "छान आहे" म्हणून गप्प. जेवणात अर्धा पाव. रात्री भांडी पुसताना मुक्ता माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. "आई, बाबाचा शर्ट केवढी मोठी झालीय. तू मला फोनवर का नाही सांगितला?" एरवी मी तिचं मराठी सुधारते. त्या दिवशी नुसती पाठीवरून हात फिरवत राहिले.

चौथ्या दिवशी जंगल. उत्तरेला दोनेक तास गाडी, मग फेरीवरून नदी ओलांडायची. आत लाकडी बोर्डवॉक आहे, फळ्यांची उंच पायवाट, दोन्हीकडे हातभर रुंद पानं, खाली काळं पाणी. सकाळचे अकरा वाजले होते. मुक्ता पुढे, हे मध्ये, मी मागे. मागेपुढे दुसरं कोणी नाही.

हे अचानक थांबले. माझ्याकडे पाठ तशीच.

"शैला, मेथ्या करपल्या."

मला वाटलं, झालं, आता डोक्यावरही परिणाम झाला. काहीतरी समजुतीचं बोलायला तोंड उघडलं, आणि तो वास मलाच आला. नुसत्या मेथ्यांचा नाही. हिंग, साजूक तूप, वाफाळलेला मऊ भात, आणि या सगळ्यावर तो कडवट धूर. खिडक्या उघडाव्यात इतका. मुक्ता मागे वळली आणि हळूच म्हणाली, "आई... आजीचं किचन."

तिघांच्याही मनाचे खेळ असतील, असं मीही म्हटलं असतं. पण तेवढ्यात समोरून एक बाई आली, हिरवा शर्ट, तिथली गाईड. आमच्यापाशी थांबली, नाक वर करून दोनदा वास घेतला आणि कडक आवाजात म्हणाली, "फोक्स, नो कुकिंग ऑन द बोर्डवॉक, प्लीज." आम्ही नाही म्हटलं तरी तिने पिशव्या बघायला मागितल्या. पाण्याच्या बाटल्या, सनक्रीम, छत्री. ती गोंधळली. फळ्यांखाली वाकून बघितलं, पुढे जाऊन आली, म्हणाली इथून सगळ्यात जवळचं किचन पार नदीच्या बाजूला आहे. मी तिला विचारलं, असा वास येणारं एखादं झाड? ती म्हणाली, नऊ वर्षं इथे रोज चालतेय, हा वास पहिल्यांदा घेतला.

दहा मिनिटं तरी तो वास होता. आम्ही चाललो की बरोबर चालायचा. मग एका बाकापाशी हे बसले, गुडघ्यांवर हात ठेवून. डोळ्यांतून पाणी चाललेलं, पुसायचंही भान नाही. आजारापासून जे एकदाही ऐकलं नव्हतं ते म्हणाले, "मला भूक लागलीय गं."

वास गेला. पुन्हा नुसती ओली माती.

त्या संध्याकाळी मुक्ताने कुठल्याशा इंडियन दुकानातून मेथ्या, डाळी आणल्या. तिच्या छोट्या किचनमध्ये मी भाजायला घेतलं. हे माझ्या मागे उभे. मेथ्या सोनेरी झाल्या, मी तवा उतरवायला गेले, तर माझा हात धरून म्हणाले, "अजून थोडं." मी हात बाजूला घेतला. दोन वाट्या मऊ भात खाल्ला त्यांनी, तिसरीला मुक्ताकडे बघून म्हणाले, "तुझी आजी असती तर लिंबाचं लोणचंही वाढलं असतं." मुक्ता हसता हसता पुन्हा रडली.

पिनरला आल्यावर माझ्यातली लॅबवाली गप्प बसेना. दोन वाट्या, एकीत करपलेल्या मेथ्यांचं मेतकूट, दुसरीत माझं सोनेरी, वर रुमाल, यांचे डोळे मिटलेले. आठ वेळा केलं, वाट्यांच्या जागा बदलून. आठही वेळा बरोबर. आणि बाकी कशाचाही वास अजून येत नाही. लवंग नाही, कॉफी नाही, हापूस नाही. तो एकच. स्पेशालिस्टला सगळं सांगितलं, त्यांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. नाकाचं तरी ते काही सांगू शकतील. पण त्या जंगलात, त्या गाईडबाईच्या नाकाला आमच्या सासूबाईंच्या मेथ्यांचा वास कसा आला, याचं उत्तर त्यांच्याकडे नाही, मुक्ताकडे नाही, माझ्याकडे तर मुळीच नाही.

वजन चार किलो वाढलंय. पट्ट्याचं एक भोक मागे आलंय. हे मेतकूट भातावर घालतात, टोस्टवर घालतात, परवा तर पास्त्यावर घातलं. दर महिन्याला मी वेम्बलीला ईलिंग रोडवरच्या इंडियन दुकानात जाऊन मेथ्या आणते. तव्यावर टाकते, बटण बंद करते आणि मेथ्या तशाच ठेवून देवापाशी दिवा लावायला जाते. टायमर लावत नाही. स्मोक अलार्म ओरडतो. तेवढ्यात हे वरच्या मजल्यावरून विचारतात, पूर्वी आमटीतला गूळ ओळखायचे तसंच, "करपल्या का गं?"

आणि मी देवाशेजारच्या सासूबाईंच्या फोटोकडे न बघता सांगते, "करपल्या नाहीत हो. खमंग भाजल्यात."