गोष्टीला जोर

"आणि मित्रहो, हिचा बाप रोज ढोसून यायचा."

चेअरमन साहेब माइकवर हे बोलले तेव्हा माझा बाप त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. हातात झेंड्याची दोरी. अंगात इस्त्री केलेला वॉचमनचा गणवेश, डोक्यावर टोपी. पंधरा ऑगस्टची सकाळ. रहाटणीतली आमची सोसायटी. आमची म्हणजे त्यांची. बाबा तिथे गेटवर, आई तिथल्याच काही घरांत पोळ्या करायची, आणि आम्ही राहायचो बिल्डिंगच्या खाली, पाण्याच्या पंपाला लागून असलेल्या खोलीत.

माझ्या बाबांनी आयुष्यात दारू प्यायलेली नाही. हे आधीच सांगून ठेवते. पुढे कुणी ऐकता ऐकता मध्येच उठून गेलं, तर निदान एवढं तरी कानावर पडलेलं असावं.

मी दहावी पास झाले होते. चांगल्या मार्कांनी. वरच्या मजल्यांवरच्या बऱ्याच मुलांपेक्षा जास्त. म्हणून सत्कार. एक दप्तर, एक पेढ्यांचा बॉक्स आणि ही गोष्ट. चेअरमन साहेब एरवी जुन्या गावातलं बोलतात, ‘आमी’ आणि ‘न्हाई’वालं. सोसायटी उभी आहे ती जमीन त्यांच्याच घराण्याची. पण माइक हातात आला की भाषा एकदम इस्त्रीतून काढलेली. "पार्किंगच्या दिव्याखाली, डास चावत असताना, सिमेंटच्या गोणीवर बसून या लेकीने अभ्यास केला. ना पंखा, ना क्लास. वरून बाप असा. आणि आपल्या मुलांना एसी लागतो."

आयांनी आपापल्या पोरांकडे बघितलं. पोरांनी माझ्याकडे. टाळ्या वाजल्या. मी बाबांकडे बघितलं तर ते हसत होते. साहेब बोलत असताना नोकराने जसं हसायचं असतं, तसं. आमच्याकडे भाषण आधी आणि झेंडा नंतर. साहेबांनी दोरी ओढली, झेंड्यातल्या पाकळ्या खाली पडल्या. त्या पाकळ्या सकाळी बाबांनीच बांधल्या होत्या. एका झटक्यात सुटेल अशी गाठ त्यांच्याशिवाय तिथे कुणाला मारता यायची नाही.

पार्किंगचं मात्र खरं होतं. मी तिथे बसायचे. का बसायचे, ते कुणी विचारलं नाही. खोलीत पंप सुरू झाला की आईची हाक ऐकू यायची नाही, अभ्यास कसला होणार. क्लबहाऊसमध्ये टेबल होतं, खुर्च्या होत्या, पंखे होते. अधूनमधून कुणाचा वाढदिवस, कुणाचं डोहाळजेवण, बाकी वर्षभर कुलूप. दहावीचं वर्ष सुरू झालं तेव्हा बाबा चेअरमन साहेबांकडे गेले होते. पोरीला संध्याकाळी तिथे बसू द्या म्हणून. साहेब म्हणाले, "एकाला दिलं की समदे मागत्यात." म्हणून पार्किंग. ज्यांनी किल्ली दिली नाही तेच आता दिव्याचं कौतुक सांगत होते.

त्या संध्याकाळी आई पेटली. "तुम्ही ऐकून घेतलं? दोरी धरून उभे राहिलात नुसते?"

बाबा उठले, सोसायटीच्या ऑफिसात गेले, परत आले. बसून बूट काढत राहिले. आईने विचारलं, काय म्हणाले. बाबांना साहेबांची नक्कल छान यायची. पण त्या दिवशी त्यांनी नक्कल न करता, जसंच्या तसं सांगितलं. "म्हनले, आरं, तसं सांगितल्याबिगर गोष्टीला जोर येत न्हाई."

दुसरा बूट काढता काढता पुढचं सांगितलं. "आन म्हनले, तुमच्यात पित्यातच की समदे. तू पीत नसशील. पर लोकांना पटाया पायजे."

‘तुमच्यात’ म्हणजे कुणात, ते आम्हा तिघांनाही कळलं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. असते. पण डोक्यावरचं छप्पर ज्याचं, त्याच्यासमोर ती वापरता येत नाही. बाबांनी पेढ्यांचा बॉक्स उघडला आणि एक माझ्या हातावर ठेवला. मी खाल्ला.

मला वाटलं, संपलं. पण गोष्ट सोसायटीत राहायलाच आली होती. प्रत्येक कार्यक्रमाला साहेब ती सांगायचे आणि दरवेळी थोडं तिखटमीठ वाढायचं. बाबा आईला मारायचे, हे एका वर्षी आलं. दारूपायी माझी पुस्तकं विकली, हे त्याच्या पुढच्या वर्षी. वरच्या मजल्यांवर पोरांना जेवू घालताना आया ती सांगत होत्या. बघ ती, आणि बघ तू. त्या घरांतली मुलं माझ्याशी कधी धड बोलली नाहीत. मला त्यांचा राग येत नाही. रोज जिच्या नावाने बोलणी खायची, तिच्याशी कोण बोलेल?

एकदा आईला खोलीची किल्ली द्यायला वर जात होते, तेव्हा लिफ्टमध्ये एक मुलगी भेटली. शाळेच्या गणवेशात, पाचवी-सहावीतली. माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ताई, तुझे बाबा तुला मारतात का गं?"

"नाही गं. कोण म्हणालं? ते पीतसुद्धा नाहीत."

तिने मान हलवली. इतकी कीव मी कुणा मोठ्या माणसाच्या डोळ्यांतही बघितलेली नाही. "आई म्हणाली होती, तू असंच सांगशील."

लिफ्ट थांबली, ती गेली. मी नाही म्हटलं तर मी गुणी मुलगी, बापाची अब्रू झाकणारी. गप्प बसले तर मग खरंच. दोन्हीकडून गोष्ट त्यांचीच. त्या दिवशी मी दोन मजले जास्त वर गेले आणि जिन्याने खाली आले.

मी ताथवड्याला डिप्लोमा केला. निघोज्याजवळच्या एका कंपनीत लागले, क्वालिटीला. पार्ट तपासायचे, नापास झालेले बाजूला काढायचे. पहिला पगार झाला तेव्हा बाबांनी गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना पेढे वाटले. आता ही गोष्ट थांबेल असं मला वाटलं होतं. उलट तिला शेवट मिळाला. दारुड्याची पोरगी इंजिनिअर झाली.

मग एक दिवस पार्किंगमधून गिअरची महागडी सायकल गेली. ऑफिसात मीटिंग भरली, बाबांना उभं केलं. मी तिथे नव्हते, शिफ्टला होते. आई चहा द्यायला आत गेली होती, तिने सगळं बघितलं. कुणीतरी म्हणालं, वॉचमन पिऊन झोपला असेल, सगळ्यांनाच माहीत आहे. सगळ्यांना कुठून माहीत? माइकवरून. बाबा म्हणाले, मी पीत नाही साहेब. तेव्हा माझ्याच वयाचा एक भाडेकरू खुर्चीतून उठला, बाबांच्या समोर उभा राहिला आणि म्हणाला, "तोंड उघड. श्वास सोड."

बाबांनी तोंड उघडलं. त्याने वाकून वास घेतला.

"बडीशेपचा वास येतोय. त्यासाठीच खाल्ली असेल."

चेअरमन साहेब तिथेच बसले होते. त्यांना सोडून बाकीच्यांना माफ करता येईल, कारण बाकीच्यांना कुणीतरी सांगितलं होतं. सांगणारा हा. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं, अरे तो पीत नाही, ते मी आपलं सांगायचं म्हणून सांगितलं होतं. एक वाक्य. ते मोबाईलमध्ये बघत बसले.

सायकल दोन दिवसांनी सापडली. मालकाचा मेहुणाच घेऊन गेला होता, सांगायला विसरला. खाली येऊन कुणी बाबांना काही म्हणालं नाही. बाबांना जेवण झाल्यावर चिमूटभर बडीशेप लागायची, डबी कायम खिशात. त्या दिवसापासून त्यांनी ती सोडली.

आईने हे सांगितलं तेव्हा मला इतका राग आला की हातातलं ताट खाली ठेवावं लागलं. रागाबरोबर लाजही वाटली. ज्या दप्तराच्या बदल्यात बापाचं नाव गेलं, ते मी डिप्लोमा संपेपर्यंत पाठीवर वागवलं होतं.

जानेवारीत साहेबांनी मला गेटवर थांबवलं. "बाळ, यंदाच्या सव्वीस जानेवारीला तूच बोल. धाव्वीची पोरं हायेत. तुज्या तोंडून ऐकलं म्हंजी लागंल त्यास्नी."

आई म्हणाली, जाऊ नको. बाबा म्हणाले, "जा. पन दोन शब्द बोल आन खाली ये. आपल्याला हितंच ऱ्हायचंय."

मी गेले. खुर्च्या भरल्या होत्या, कुणी मोबाईल धरून शूटिंग करत होतं. झेंडा वर बांधलेला, बाबा दोरी धरून उभे. साहेबांनी सुरुवात करून दिली आणि माइक माझ्या हातात दिला. मी काही पाठ केलं नव्हतं. जे बोलले ते हे.

"माझी गोष्ट तुम्ही खूपदा ऐकलीय. तिच्यात एक दारुडा आहे. तो इथे उभा आहे, दोरी धरून. माझे वडील दारू पीत नाहीत. कधीच प्यायलेले नाहीत. चेअरमन साहेबांना हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आणि मी पार्किंगमध्ये बसले, कारण आम्ही क्लबहाऊसची किल्ली मागितली होती आणि ती मिळाली नाही. त्या दिव्याने मला घडवलं असं सांगतात. त्या दिव्याने मला हा चष्मा दिला."

शूटिंगचा मोबाईल खाली आला. माइक साहेबांच्या हातात नव्हता, त्यामुळे ते त्यांच्या खऱ्या भाषेत बोलले. "आमी तर तुजं कौतुकच करत व्हतो की, बाळ." मग खुर्च्यांकडे वळून हसत म्हणाले, "ज्याचं करावं बरं, तो म्हनतो माजंच खरं." काही जण हसले.

मी म्हणाले, "कौतुक माझं होतं ना, काका? मग वास माझ्या बापाच्या तोंडाचा का घेतला?"

मी माइक टेबलावर ठेवला. साहेबांनी दोरी ओढली, पाकळ्या पडल्या, राष्ट्रगीत झालं. लोक नाश्त्याला गेले. बाबांनी खराटा आणून पाकळ्या झाडून घेतल्या, दरवर्षीसारख्या. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

महिना संपायच्या आत बाबांना कामावर ठेवणाऱ्या सिक्युरिटी एजन्सीचा फोन आला. बाबांची ड्यूटी बदलली, चाकणजवळ एका गोडाऊनवर. खोली खाली करायची. आईची पोळ्यांची घरं सुटली. निघताना त्यातल्या एका घरच्या बाईंनी आईचा हात धरला. म्हणाल्या, "आम्हाला माहीत होतं हो, ते तसे नाहीत." आईने विचारलं, "मग बोलला का नाहीत, ताई?" बाईंनी हात सोडला.

आता आम्ही निघोज्यात राहतो, पत्र्याच्या भाड्याच्या खोलीत. बाबा बरेच दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले. मला वाटत होतं, घर गेलं म्हणून रागावलेत. मग एका सुट्टीच्या दिवशी आपणहून म्हणाले, "तू बोललीस ते खरं व्हतं, माय. पन नाव माजं व्हतं. त्येंनी बी मला इचारलं न्हाई आन तू बी न्हाई."

साहेबांच्या बोलण्यापेक्षा हे जास्त लागलं, कारण हे खरं होतं. किंमत मोजणार ते, आणि माइक माझ्या हातात.

परवा कंपनीत एचआरच्या मॅडमनी मला बोलावलं. मार्चमध्ये महिला दिन असतो. नवीन ट्रेनी मुलींना दाखवायला माझा व्हिडिओ करायचा होता. मॅडम वाईट नाहीत, हसून बोलतात. मोबाईल स्टँडला लावला आणि म्हणाल्या, "थोडं स्ट्रगलचं सांग ना, लहानपणीचं. वडील वॉचमन ना तुझे? काही व्यसन वगैरे होतं का त्यांना? तसं असलं की मुली कनेक्ट होतात."

तेच. माणूस वेगळा, भाषा वेगळी, आणि मागणी तीच.

मी म्हणाले, एक मिनिट. तिथूनच बाबांना फोन लावला. मागे ट्रकचा आवाज येत होता. "बाबा, तुमच्याबद्दल कंपनीत एक सांगायचंय. सांगू का?"

"काय सांगतीस?"

"तुम्ही पीत नाही, एवढंच."

ट्रकचा आवाज कमी झाला, ते बाजूला गेले असावेत. मग म्हणाले, "सांग. नाव घालून सांग."

मी फोन ठेवला आणि कॅमेऱ्याकडे बघून बाबांचं पूर्ण नाव घेतलं. म्हणाले, हे माझे वडील, हे दारू पीत नाहीत. मॅडम गोंधळल्या. म्हणाल्या, "अगं, पण यात स्टोरी कुठे आहे? हे आपण नंतर कट करू. तू पुढचं बोल."

"हे पहिलं वाक्य राहणार असेल तरच पुढचं बोलेन. हे कापणार असाल तर मोबाईल बंद करा."

त्यांनी बंद केला. मी लाइनवर परत गेले. व्हिडिओ झाला नाही, पुढेही होणार नाही. कदाचित माझ्या जागी त्या दुसरी कुणी शोधतील आणि तिलाही तिच्या बापाबद्दल हेच विचारतील. तिच्या कानावर मी हे सगळं आधीच घालणार आहे. माझ्यापुरतं ठरलंय. माझ्या बापाला दारू पाजल्याशिवाय जिला जोर येत नाही, ती गोष्ट मी सांगणार नाही आणि कुणाला सांगूही देणार नाही.