पिनेचं दार

“जरा सरका” असं कुणी म्हटलं की तो “किती?” असं विचारायचा, आणि उत्तर मिळेपर्यंत जागचा हलायचा नाही. म्हणून कारखान्यात त्याचं नाव मिलिमीटर पडलं. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते वाचताना कारकूनही क्षणभर थबकायचा, की हा कोण बुवा नवीन?

कारखाना सेफ्टी पिनांचा. रोज तिथून लाखभर पिना बाहेर पडत आणि जगात जाऊन हरवत. मिलिमीटर स्वतः पिना करत नसे. पिना करणाऱ्या यंत्रांचे साचे तो करायचा. म्हणजे नात्याने पाहिलं तर तो पिनांचा आजोबा, आणि सगळ्या आजोबांप्रमाणे त्यालाही नातवंडांचं कौतुक आवरत नसे. एकोणतीस वर्षं झाली, तरी रोज सकाळी तो घमेल्यातली एक पिन उचलून भिंगाखाली धरायचा आणि दोन मिनिटं नुसता बघत राहायचा. कुणी नवा माणूस कामाला लागला की त्यालाही धरून आणायचा.

“बघ. एक तार आणि एक टोपी. बस. या टोकाला सुई, मध्ये हे वेटोळं, म्हणजे स्प्रिंग तिची तीच. आणि टोपीत शिरली की गुणी मुलासारखी गप्प. स्वतःचं म्यान स्वतःच घेऊन हिंडणारं दुसरं हत्यार दाखव मला.”

नवा माणूस काही दाखवत नसे. तो जेवणाची सुट्टी कधी होते ते बघत असे. शेजारच्या टेबलावरचा पॉलिशवाला म्हणायचा, “याच्या घरी आरशाच्या जागी पिनच टांगली असेल. सकाळी उठून तीच बघत असेल.”

घरी आरसाच होता, आणि चांगला पुरुषभर उंचीचा होता, कारण मिलिमीटरची बायको कपडे शिवायची. बाहेरच्या खोलीत खिडकीशी मशीन, मधोमध लांब टेबल आणि आरशासमोर एक कठीण बैठकीची खुर्ची. ही खुर्ची गावभर प्रसिद्ध होती. बायकोचं म्हणणं असं, की उभ्या माणसाचा कपडा कुणीही शिवेल, बसणाऱ्या माणसाचा शिवायला अक्कल लागते. म्हणून फिटिंगला आलेल्या माणसाला ती कच्च्या कपड्यात वरपासून खालपर्यंत पिना लावायची, मग त्याला जिना दोनदा चढायला-उतरायला लावायची, वरच्या फळीवरचा डबा काढायला लावायची आणि शेवटी त्या खुर्चीवर पाच मिनिटं बसवायची. टाचण्या लावून हे केलं असतं तर गिऱ्हाईक पोलिसांत गेलं असतं. म्हणून सेफ्टी पिना. एका कोटाला चाळीस. आणि त्याही एकदा लावून भागत नाही. लावायच्या, बघायचं, काढायच्या, बोटभर सरकवून पुन्हा लावायच्या.

गेली दोन वर्षं तिची बोटं आखडत चालली होती. सांधे सुजायचे. त्याबद्दल ती फारसं बोलत नसे. ती एवढंच करायची, की ज्यांची स्प्रिंग थकलेली आहे अशा जुन्या सैल पिना वेगळ्या काढून त्याच वापरायची. त्या झटकन उघडत. दुर्दैवाने मनात आलं की आपल्या आपणही उघडत.

अशीच एक पिन हेडबाईंच्या कोटात उघडली. शाळेच्या या हेडबाई बावीस वर्षं इथेच कोट शिवून घेत होत्या. त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा उंच आहे हे जगात फक्त मिलिमीटरच्या बायकोला ठाऊक होतं, कारण तिच्या कोटात ते कुणाला दिसतच नसे. हेडबाई जिना चढल्या, डबा काढला, खुर्चीवर बसल्या, आणि सावकाश उभ्या राहिल्या. शेवटच्या बाकाकडे बघावं तसं त्यांनी खुर्चीकडे बघितलं.

“ताई, काहीतरी टोचलं.”

“कुठे?”

“ते मी सांगणार नाही.”

त्या दिवशी संध्याकाळी बायकोने सगळ्या पिना डब्यात भरून झाकण लावलं. “पंधरा दिवसांनी, गुरुवारी, हेडबाई शेवटच्या फिटिंगला येतील,” ती म्हणाली. “तेवढा कोट पुरा करते आणि मशीन झाकून ठेवते.”

“झाकून ठेवते म्हणजे?”

“म्हणजे बंद. लोकांना भोकं पाडून कपडे शिवायचे नाहीत मला.”

हे तिने घरातलं मीठ संपलंय अशा सुरात सांगितलं. म्हणूनच मिलिमीटरला रात्रभर झोप लागली नाही. ती चिडली असती तर तो निश्चिंत झोपला असता.

दुसऱ्या दिवशी त्याने कारखान्यातल्या कडक स्प्रिंगच्या करकरीत नव्या पिना आणून दिल्या. मरेपर्यंत उघडणार नाहीत अशा. बायकोने एक हातात घेतली, दाबली, पुन्हा दाबली. तिचं बोट पांढरं पडलं. पिन ढिम्म. तिने ती अलगद टेबलावर ठेवली.

“तुमच्या नातवंडांना सांगा, आजी म्हातारी झाली.”

मिलिमीटरला ते लागलं. दोन आठवडे हातात होते. पिन या वस्तूवर तो एकोणतीस वर्षं फिदा होता, पण तिला एक प्रश्न कधी विचारला नव्हता. स्प्रिंग कडक केली की पिन भरवशाची होते, पण हट्टी होते. सैल केली की ती गोड वागते, पण दगा देते. मग भरवसा आणि गोडवा दोन्ही एका तारेत नांदवायचे कसे? (हा प्रश्न पुष्कळ घरांत पडतो. पण तिथे तार नसते.)

त्याने साहेबांकडून जेवणाच्या सुट्टीत टूलरूम वापरायची परवानगी घेतली. पहिले दोन दिवस तो सैल पिना स्वतःच्याच सदऱ्याला आणि पँटीला लावून कारखानाभर झपाटल्यासारखा फिरत होता. बसत होता, उठत होता, वाकत होता. कुठे टोचलं की तिथल्या तिथे थांबून कापडाने नेमकं काय केलं ते वहीत लिहीत होता. पॉलिशवाल्याने विचारलं, “किती झाली?”

“सतरा.”

“पिना की भोकं?”

तिसऱ्या दिवशी त्याला ते दिसलं. जेवणाचा डबा उघडा, हात तसाच, आणि हा भिंतीकडे बघत बसलेला. कापड पिनेला ओढतं. दाबतं. पिळतं. पण आधी दाबायचं आणि मग, दाबलेलं असतानाच, बाजूला सरकवायचं, असं ठरवून दोन गोष्टी एकापाठोपाठ करणं कापडाला येत नाही. ते फक्त माणसाला येतं. म्हणजे पिनेला ताकद दाखवून राखायची गरजच नव्हती. आपल्याला हात लावणारा माणूस आहे की कापड, एवढं तिला ओळखता आलं की पुरे. तारेच्या तुकड्याला हे कळू शकतं, या विचाराने मिलिमीटरच्या अंगावर काटा आला. त्या दिवशी तो जेवला नाही, आणि जेवला नाही हे त्याला घरी डबा घासायला टाकताना कळलं.

त्याने वेटोळं मऊ केलं. टोपीच्या आत सुईचं टोक विसावेल असा खळगा काढला, खळग्याला कानसून बारीकसा उंबरठा ठेवला आणि उजव्या अंगाला एकच दार. दाबलं की टोक उंबरठ्यावरून उतरतं, उजवीकडे सरकवलं की दारातून बाहेर. नुसतं दाबून नाही, नुसतं सरकवून नाही. ती पिन कापडाला लावून त्याने तारा कापणाऱ्या यंत्रावर बांधून ठेवली. ते यंत्र असं थरथरतं की शेजारच्याचे दात वाजतात. पिन दिवसभर थरथरली आणि मिटलेली राहिली. मग पॉलिशवाल्याने ती उघडली, कारकुनाने उघडली, साहेबांनी तर बोलता बोलता उघडली. साहेबांनी तोंडात बोट घातलं. नशीब, पिन दुसऱ्या हातात होती.

मिलिमीटर तरंगतच घरी आला.

बायकोने पिन दाबली. थांबली. पुन्हा दाबली.

“छान आहे. घट्ट बसते.”

“उघड ना.”

“तेच करतेय.”

“अगं, दाब आणि सरकव. हे असं.” त्याच्या हातात पिन लोण्यासारखी उघडली. “सोपं आहे.”

शेवटचा शब्द तोंडातून निघताच त्याला पश्चात्ताप झाला, पण शब्दाला स्प्रिंग नसते.

“तुम्हाला सोपं आहे,” बायको म्हणाली. “तुमचे अंगठे पिनांच्या घरी वाढलेत.” आणि ती भाजी चिरायला निघून गेली.

मिलिमीटरने स्वतःचा अंगठा बघितला. टोकाला, एका बाजूला, घट्टा होता आणि घट्ट्यात एक बारीक खाच. सकाळी त्याने पॉलिशवाल्याचा अंगठा बघायला मागितला. तीच खाच. कारकुनाच्याही. साहेबांनी अंगठा दाखवायला जरा आढेवेढे घेतले, पण होती. ज्या कारखान्यात प्रत्येक माणूस दिवसातून शंभर पिना सवयीने उघडून मिटतो, तिथल्या अंगठ्यांना उजवीकडे वळायला कुणी सांगावं लागत नाही. कुलूप सोपं आहे का, हे त्याने सगळ्या किल्लीवाल्यांनाच विचारलं होतं.

मग त्याने रजा टाकली. ताप नसताना टाकलेली अकरा वर्षांतली पहिली रजा. कारखान्यात याची चर्चा संध्याकाळपर्यंत चालली. घरी तो त्या कठीण खुर्चीवर जाऊन बसला.

“बरं नाही का?” बायकोने विचारलं.

“बरा आहे. बघतोय.”

“काय?”

“तुझे हात.”

“तीस वर्षांनी?”

ती कामाला लागली आणि तो बघू लागला. पहिल्यांदा त्याला काही दिसलं नाही. मग हळूहळू दिसायला लागलं, आणि दिसत गेलं तसा तो खुर्चीत पुढे पुढे सरकत गेला. तिचा अंगठा कामच करत नव्हता. मुळीच. तो नुसता शोभेला होता. सुईत दोरा ओवताना ती सुई उशीत उभी टोचून ठेवायची आणि दोरा दोन बोटांच्या मध्ये धरून सुईकडे न्यायची. कात्री मिटताना तळहाताच्या टाचेने दाब द्यायची. चिमटीत कापड धरायचं तर पहिलं आणि मधलं बोट, कात्रीसारखं. आणि जुनी सैल पिन उघडताना पिनेची पाठ टेबलाच्या कडेला टेकवून, पहिलं बोट दुमडून, त्याच्या मधल्या पेराने दाबायचं आणि पेर आतल्या बाजूला लोळवायचं.

म्हणजे या बाईने दोन वर्षांत एक अख्खा नवा हात तयार केला होता. नकाशा न काढता, रजा न टाकता, कुणाला न सांगता, स्वयंपाक आणि शिवण दोन्ही चालू ठेवून. कारखान्यात एवढ्या कामावर दोन माणसांना बढती मिळाली असती. आणि तो त्याच घरात राहत होता, त्याच हातचं जेवत होता, आणि डोळ्याला भिंग लावून तारेचा तुकडा बघत होता.

“परत कर,” तो म्हणाला.

“काय परत करू?”

“पिन उघड.”

तिने उघडली. पेर लोळलं, आत, डावीकडे.

“परत.”

“अहो, ही काय सर्कस आहे का?”

पण तिने केलं. चार वेळा केलं. मिलिमीटर उठला आणि तिचा हात हातात घेऊन ते पेर बघत राहिला. बायको म्हणाली, “शेजारचे बघतायत.” पण हात काढून घेतला नाही.

दार चुकीच्या बाजूला होतं, एवढीच गोष्ट. अंगठा बाहेर वळतो, दुमडलेलं बोट आत वळतं. त्याने दार डावीकडे नेलं. सुईच्या दांडीवर, पेर टेकतं तिथे, तार हातोडीने तांदळाच्या दाण्याएवढी चपटी केली, म्हणजे पेर घसरणार नाही. मग एकेक पिन हाताने घडवायला बसला. पॉलिशवाला पहिल्या दिवशी हसला, दुसऱ्या दिवशी न सांगता शेजारी बसून कडा गुळगुळीत करू लागला. “वहिनींना सांगा, यातल्या चकचकीत माझ्या,” तो म्हणाला. बुधवारपर्यंत छत्तीस झाल्या.

“कोटाला चाळीस लागतात,” मिलिमीटर ओशाळून म्हणाला.

बायकोने डबा हलवून बघितला. “चार ठिकाणी शंका कमी घेईन.” डबा तिने मशीनशेजारी ठेवला.

गुरुवारी हेडबाई आल्या. आधी त्यांनी खुर्चीकडे बघितलं. मिलिमीटर अर्ध्या दिवसाची रजा टाकून स्वयंपाकघरात पडद्याआड होता, हातात चहाचा कप, वर साय धरलेली. पडद्याच्या फटीतून त्याला अर्धी बायको आणि पाऊण हेडबाई दिसत होत्या.

पिना लागल्या. हेडबाई जिना चढल्या, उतरल्या, पुन्हा चढल्या. डबा काढला. मग खुर्चीशी आल्या आणि बसल्या, म्हणजे आधी निम्म्याच बसल्या. जरा वाट बघून उरलेल्या बसल्या. घड्याळाचा काटा फिरत होता. एका मिनिटाला त्या वाकल्या. दुसऱ्या मिनिटाला खोकल्या. पाचव्या मिनिटाला त्यांनी पाठ टेकली.

“काही टोचतंय?” बायकोने विचारलं.

“नाही. आज काही बिनसलंय का?”

मग बायकोने त्यांना उभं केलं, डाव्या खांद्याशी गेली आणि पिनेची पाठ स्वतःच्या दुसऱ्या तळहाताला टेकवली, कारण माणसाच्या खांद्यावर टेबल नसतं. पेर टेकलं, दाबलं, आत लोळलं. टक्. पिन उघडली. तिने ती काढून दोन दोरे वर लावली. पुढची. टक्. पुढची. मधे ती कुठेही थांबत नव्हती, ओठ आवळत नव्हती, श्वास रोखत नव्हती. हात चालत होता, पूर्वी चालायचा तसाच, आणि पूर्वी तो कसा चालायचा हेही आपण कधी बघितलं नव्हतं, हे पडद्याआडच्या माणसाला आत्ता कळत होतं. कपातला चहा निवून गेला होता आणि त्याला घोट घ्यायचं भान नव्हतं.

“ताई,” हेडबाई आरशात बघत म्हणाल्या, “माझ्या भाचीलाही कोट हवाय. पण कुणीतरी म्हणत होतं, तुम्ही बंद करताय.”

टक्. बायकोने खांद्यावरची शेवटची पिन काढली, हातात धरून तिच्याकडे एकदा नीट बघितलं आणि पुन्हा लावली.

“शनिवारी पाठवा तिला,” ती म्हणाली. “आणि सांगून ठेवा, इथे बसावं लागतं.”

हेडबाई गेल्यावर तिने पडदा बाजूला केला.

“अशा आणखी किती होतील?”

“किती हव्यात?”

तिने हिशेब केला. “कधीकधी दोन कोट एकदम फिटिंगला येतात.”

मिलिमीटर चपला शोधू लागला. कारखाना सुटायला अजून तीन तास होते.