खालच्या मजल्यावरचा मामा

लग्नाचा बस्ता बांधायला माणूस हवा तर तो माझ्यासारखा, असं माझं ठाम मत होतं. हे मत असलेला मी एकटाच होतो, आणि आता मीही उरलेलो नाही.

मी पेणच्या एका शाळेत इतिहास शिकवतो. त्यामुळे आवाज मोठा आणि लढायांची हौस दांडगी. रोह्याला दिलेली माझी मोठी बहीण, तिची मुलगी सायली, आणि सायलीचं लग्न ऐन मार्गशीर्षात! ताईचा फोन आला.

"नंदू, बस्ता पेणलाच बांधायचाय. तुझे भाऊजी दुकानात शिरले की मुके होतात, ते तुला ठाऊकच आहे. सायलीला बाटलीहिरवा शालू हवाय. सगळ्या लग्नात पोरीने तेवढी एकच गोष्ट मागितलीय. पण शालू घेणार मुलाकडचे, त्यांना सांगायचं कुणी? तू बोल."

पाठोपाठ सायलीचा फोन. "मामा, तू आल्याशिवाय मी शालूला हात लावणार नाही हं!"

"अगं, मी असताना कोण काय बोलणार?" मी म्हणालो. (हे वाक्य मी आयुष्यात जेव्हा जेव्हा उच्चारलंय, तेव्हा तेव्हा लोक खूप बोललेत.)

अडचण एकच होती. मुलाकडच्या एकालाही मी ओळखत नव्हतो. साखरपुड्याला मी गेलोच नव्हतो. कारण आदल्या रात्री आमच्या मास्तर मंडळींनी हंगामातली पहिली पोपटी लावली होती. मार्गशीर्ष म्हणून कोंबडी नाही, अंडी नाहीत, नुसत्या वालाच्या शेंगा आणि बटाटे. पण शेंगा मी घमेलंभर खाल्ल्या! मडक्यात भांबुर्डीच्या पाल्यावर वाफवलेली शेंग तोंडात विरघळते हे खरं, पण पुढे पोटात जाऊन ती काय करते ते मला साखरपुड्याच्या सकाळी कळलं. ताईने तिकडे 'शाळेचं महत्त्वाचं काम' असं सांगून माझी अब्रू झाकली होती. तेव्हा आता व्याह्यांना 'आपण कोण?' असं विचारायची सोय नव्हती. ओळख असल्यासारखं हसायचं आणि बाकीचं रेटून न्यायचं, असं मी ठरवून टाकलं.

रविवारी बाजार नुसता फुलला होता. वालाच्या हिरव्यागार शेंगांचे ढीग, पोपटीची मडकी, गुरुवारच्या पूजेची पाच पानं आणि फळं, आणि त्यांना अगदी खेटून सांताक्लॉजच्या लाल टोप्यांची हातगाडी! एक बाई एका हातात लक्ष्मीच्या घटाचा नारळ आणि दुसऱ्या हातात नातवाची लाल टोपी घेऊन घासाघीस करत होती. मला हा बाजार फार आवडतो. थंडीचं म्हणाल तर पेणची थंडी ऊन वर येईपर्यंतच, पण मी लग्नातला कोट घालून आलो होतो. मुलीच्या मामाला कोट शोभतो, घाम आला तरी.

बस्त्याचं दुकान म्हणजे पूर्वीचं साधं कापडदुकान. आता त्याला काचा लागल्या, लिफ्ट लागली आणि ते मॉल झालं. दारात कापसाची दाढी लावलेला सांता उभा होता. "या काका, बस्ता का? वर जा," असं म्हणून त्याने मला गोळी दिली. तेवढ्यात ताईचा फोन.

"आम्ही वडखळला अडकलोय रे, गाडी हलत नाही! मुलाकडचे पोचलेत, वर बसलेत. जाऊन त्यांच्यात बस, त्यांना एकटं वाटायला नको."

"काळजी सोड," मी म्हणालो आणि फोनने मान टाकली. चार्जिंग संपलं.

लिफ्टचं मला भय वाटतं, म्हणून जिन्याने निघालो. दुसऱ्या मजल्यावर पोचलो तर समोरच पांढऱ्या गाद्या, साड्यांचा डोंगर आणि एक भरगच्च कुटुंब! दुसरा मजला हासुद्धा वरच असतो, हे तुम्हीही मान्य कराल. मी फोन काउंटरवर चार्जिंगला लावला, कोट झटकला आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "नमस्कार! मी मुलीचा मामा!"

"अरे, या या मामा!" एक मिशाळ गृहस्थ अर्धे उठले. हे मुलाचे वडील. "बसा. शेवटी भेट झाली बघा. साकरपुड्याला तुमी नव्हता ना?"

"शाळेचं काम," मी चटकन म्हणालो. (इथे मला वाटलं, ताईने काय चोख निरोप पोचवलाय!)

"काम असतंच वो," त्यांच्या शेजारची ठसठशीत बाई म्हणाली. "मी नवऱ्याची आत्या. गो, मामांना वडा दे! चाय सांग!"

वडा आला. चहा आला. पुन्हा वडा आला. माणसं फारच चांगली निघाली, आणि ताई उगीच घाबरत होती असं मला वाटू लागलं. एवढ्यात जिन्यावरून चारपाच माणसं वर आली. पुढे पांढऱ्या टोपीतले एक हडकुळे, गरीब चेहऱ्याचे गृहस्थ. त्यांनी मला वाकून नमस्कार केला. "उशीर झाला, माफी करा. नवरी खाली गजरं घेते, येतंच आता."

मी हिशोब केला. म्हणजे गाडी सुटली, सायली खाली गजरे घेतेय, ताई अर्थातच तिच्याबरोबर, आणि ही मंडळी म्हणजे भाऊजींचे भाऊबंद. भाऊजींचा गोतावळा इतका अफाट आहे की त्यांच्या घरी कार्य असलं की मी दिसेल त्याला 'काय भाऊ' म्हणतो. "काय भाऊ!" मी टोपीवाल्यांना म्हणालो. ते बिचारे खूश झाले.

आणि मग आत्याबाईंनी शालू काढायला सांगितलं.

सेल्समनने घड्या मोडल्या. आत्याबाईंचा हात सरळ एका राणी रंगाच्या शालूवर गेला. "हाच," त्या प्रेमाने म्हणाल्या. "याच्यात पोर कशी दिसंल!"

झालं. माझ्यातला इतिहासाचा मास्तर जागा झाला.

"हा?" मी म्हणालो. "हा शालू आहे की खिडकीचा पडदा?"

सेल्समनने हातातली घडी तशीच खाली ठेवली.

"मामा, भारी हाय तो," आत्याबाई चाचरत म्हणाल्या.

"भारी असेल. पण मुलीला बाटलीहिरवा हवा. काय हो, बाटलीहिरवा नाही का तुमच्याकडे? काढा! वरच्या फळीवरचा काढा! भरगच्च जरीचा! मुलीचं लग्न आहे, पडदे नाही शिवायचेत!"

मिशाळ गृहस्थांची मिशी थरथरू लागली. "मामा, जरा सबुरीनं."

"सबुरी कसली? पहिल्याच दिवशी मुलीचं मन मोडता, पुढे काय कराल?"

मी उभा राहिलो होतो. हात पसरून बोलत होतो. बाजूच्या गिऱ्हाइकांनी आपली खरेदी थांबवून माझ्याकडे तोंड केलं होतं, आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटत होतं! टोपीवाले गृहस्थ बायकोच्या कानात कुजबुजले, ते मला ऐकू आलं. "देवमाणूस गो! आपल्या पोरीसाठी सोताच्याच माणसांना बोलतो!"

स्वतःच्याच माणसांना? हे मला जरा चमत्कारिक वाटलं. पण भर लढाईत असल्या बारीकसारीक गोष्टींकडे लक्ष द्यायचं नसतं.

आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी राणी रंगाचा शालू हळूच घडी घालून बाजूला ठेवला. बाटलीहिरवा पुढे आला. मी विजयी मुद्रेने वडा उचलला, आणि त्याच वेळी गजरा माळलेली एक उंच, सावळी मुलगी जिना चढून वर आली.

"या ताई, बसा. कुठला बस्ता?" मी म्हणालो.

तिने गोंधळून आत्याबाईंकडे पाहिलं.

"मामा," मिशाळ गृहस्थ सावकाश म्हणाले, "ही नवरी."

"ही? मग सायली कुठाय?"

"कोण सायली?"

मिशाळ गृहस्थांनी टोपीवाल्यांकडे पाहिलं. "हे तुमचं मामा ना?"

"आमचं?" टोपीवाल्यांचा आवाज चिरकला. "आमाला वाटलं तुमचं! नवरीचा मामा तर मुंबैला हाय, सुट्टी नाय मिळाली त्याला."

दोन्ही कुटुंबं माझ्याकडे बघू लागली. माझ्या हातात त्यांचा वडा होता. तो खावा की ठेवावा, तेही सुचेना.

एवढ्यावर सुटलो असतो तरी पुरे होतं. पण नवरीची नजर गादीवर गेली आणि तिचा चेहरा पडला. "आत्या, हिरवा कशाला काढला? मी तुमाला राणी सांगितलेला ना?"

"व्हय गो बाय," आत्याबाई पदराने डोळे टिपत म्हणाल्या. "तोच घेत होते. पन या मामांनी..."

आता मात्र जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. (दुसरा मजला. खाली फक्त टॉवेल-चादरींचा विभाग.) ती बाई भावी सुनेने सांगितलेला तिच्या मनातला रंग इतक्या मायेने उचलत होती, आणि मी तिला चारचौघांत पडदेवाली ठरवलं! नववीच्या वर्गात एखाद्या गरीब मुलावर नाहक ओरडलो की दिवसभर घास गोड लागत नाही. तसंच झालं. मी हात जोडले. "आत्याबाई, चुकलो. मोठी चूक झाली."

"जावा मामा," त्या म्हणाल्या. "तुमची खरी भाची वाट बघत असंल."

मी कोट सावरत तिसऱ्या मजल्यावर पळालो. फोन अर्थातच खालीच राहिला.

वर ताई, भाऊजी, सायली आणि नागोठण्याचे खरेखुरे व्याही. जाममधून सुटून आमची माणसंही लिफ्टने केव्हाची येऊन बसली होती. ताईने माझ्याकडे असं पाहिलं की मी दाराशीच बसलो. सायलीचा चेहरा मात्र उजळला. "आला मामा! मी म्हटलं होतं ना, येईल!"

व्याही म्हणाले, "बरं झालं आलात. खाली कुणीतरी भांडत होतं म्हणे. कोण भलताच उर्मट मामा आलाय."

"हल्ली माणसांना रीतच राहिली नाही," मी म्हणालो. माझे कान तापले होते.

विहीणबाईंनी एक राखाडी शालू पुढे केला. राखाडी म्हणजे अगदी चुलीतली राख. "आम्हाला हा बरा वाटतोय. मामा, तुम्ही सांगा."

सगळे माझ्याकडे बघत होते. सायली तर डोळे मोठे करकरून बघत होती. पण माझ्या डोळ्यांपुढे आत्याबाईंचा पदर होता. मनात म्हटलं, नंदू, एकदा तोंड पोळलंय, आता ताक फुंकून पी. कुणी सांगावं, सायलीनेच विहीणबाईंच्या कानात हा रंग सांगितला असेल! आणि मी गदगदून म्हणालो, "वा! काय सुंदर रंग! हाच घ्या! सायलीला असाच हवा होता!"

ताईने कपाळाला हात लावला. सायलीने मान खाली घातली, आणि त्या राखाडी शालूवर टपकन एक थेंब पडला. तेव्हा मला कळलं, की हाच शालू पोर इतका वेळ थोपवून बसली होती. मामा येईल, मामा नाही म्हणेल, एवढ्या एका भरवशावर! तोंड उघडू नये तिथे मी तासभर गर्जत होतो, आणि उघडायचं होतं तिथे शेपूट घातलं. मला माझीच इतकी लाज वाटली की 'थांबा, मी चुकून बोललो' हे चार शब्दही फुटेनात.

"मामा! वो मामा!"

जिन्यात आत्याबाई उभ्या होत्या. एका हातात माझा फोन. "मघा सारखा वाजत होता. ताई, ताई असं नाव येत होतं." मग त्यांची नजर सायलीवर गेली, तिथून राखाडी शालूवर, तिथून विहीणबाईंवर. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"रागवू नका बाई, मी परकी," त्या सरळ विहीणबाईंना म्हणाल्या. "पन पोरीच्या तोंडाकडं बघा जरा. तिला नाय आवडला तो."

विहीणबाई गोंधळल्या. "अगं सायली, मग बोलायचंस की! मला काय, तू म्हणशील तो. कुठला हवाय?"

आत्याबाईंनी दुसऱ्या काखेतली घडी काढून सायलीच्या मांडीवर ठेवली. बाटलीहिरवा. भरगच्च जरीचा.

"आमच्यात हा नको झाला. तुमच्या मामांनी याच्यासाठी खाली आमचा जीव खाल्ला. म्हटलं, ज्या पोरीसाठी एवढं भांडले, तिला तरी मिळू दे."

मग खालची सगळी हकीकत तिथे निघालीच. व्याही इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. भाऊजींनी त्या दिवशी दुकानात प्रथमच तोंड उघडलं, तेही हसायला. सायली शालू छातीशी धरून म्हणाली, "मामा, माझ्यासाठी भांडलास ना. कुठे का असेना!" ती हे प्रेमाने म्हणाली, म्हणूनच मला जास्त लागलं.

लग्न थाटात झालं. नवरीला मांडवात आणायचा मान मामाचा. त्या सकाळी ताईने माझ्या दोन्ही बाजूंना भाऊजींचे दोन धट्टेकट्टे पुतणे उभे केले. मी फेटा नीट केला आणि मनात म्हटलं, काही झालं तरी बहीण आहे, भावाचा मान राखला!

जेवणाच्या पंगतीत त्यांतला एक हळूच म्हणाला, "मामा, राग मानू नका. शेजारच्या हॉलमध्येपण लग्न होतं ना, म्हणून काकूंनी आम्हाला सांगितलं होतं, ह्याचा हात सोडू नका!"