कातड्याचा ढोल आणि सुटलेली दारू

चार ढोल, वर्कशॉपची शेड, घराचा लोखंडी जिना आणि बायकोचं शेवयाचं मशीन... सगळं स्वतःच्या हातानं केलंय. आयटीआय नाही, गुरू नाही. बघायचं, मोडायचं, परत जोडायचं.

आष्ट्यात माझं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. मूळ आम्ही आटपाडीकडचे धनगर. गेल्या आठवड्यात गावच्या बिरोबाच्या जत्रेत गजी नाचात ढोल वाजवून आलो... आणि छाती फुगलीय, म्हणून लिहितोय.

काही वर्षांपूर्वी दारूनं मला पुरतं खाल्लं होतं. तेव्हा एका पंथात गेलो. लोक विचारतात, एवढे कडक नियम, तरी माणसं जातात कशी? अहो, नियमांसाठी कोण जातं... तिथला कुणीतरी रोज संध्याकाळी दारात येऊन विचारायचा, "भाऊ, आज कसं?" मला तेवढं पुरलं. दारू सुटली.

पण मांस नाही, आणि कातड्याला हातसुद्धा लावायचा नाही, हा नियम. म्हणजे ढोल बंद! मग मी डोकं चालवलं. कातडं काढून फायबरची पानं बसवली, रिंगा स्वतः वाकवल्या. ताण सगळीकडं सारखा, एक सुरकुती नाही.

मोठ्या दिमाखात गावी नेऊन वाजवला. आमचे चुलते, तात्या, कान देऊन ऐकत होते. म्हणाले, "आरं गड्या, देवाफुडं बादली बडवाय आलायस व्हय?"

सगळे हसले, मीही हसलो. पण ती बादली काही कानातून जाईना... म्हातारा खरं बोलला होता.

पंथात जाऊन सांगितलं, मी कातडं लावणार. प्रमुख शांतपणे म्हणाले, "आज कातडं धराल, उद्या बाटली." खरं सांगतो, हीच भीती माझ्याही पोटात होती. बायकोच्या तर जास्तच. तरी पंथातून बाहेर पडलो.

यंदा बकऱ्याचं कातडं भिजवून चढवलं, सावलीत वाळवलं. उन्हात ठेवलं की तडकतं, घाई करायची नाही. जत्रेत पहिलीच थाप पडली आणि जमीन घुमली... तात्यांनी मूठभर भंडारा उधळला. "आता वाजला रं!"

बाजूला बाटली फिरत होती. माझ्यापर्यंत दोनदा आली, दोन्ही वेळा मानेनंच नको म्हणालो. हात रिकामे कुठं होते!

घरी आलो तर बायको दारात आडवी उभी. "आ करा."

केला. तिनं नाक पुढं आणलं, थांबली... "भंडारा खाल्लासा व्हय? नुसता हळदीचा वास यायलाय!" आणि हसत बाजूला झाली. आयुष्यात एवढं मोठं सर्टिफिकेट मला कुणी दिलेलं नाही.

पंथाचे उपकार मी विसरणार नाही. दारू त्यांनी सोडवली. पण त्यांच्याशिवायही ती सुटलेलीच राहते, हे मला माझं बघायचं होतं... बघितलं.

परवा त्यांच्यातले दोघे वर्कशॉपवर आले. अगदी मानानं बोलले. नव्या सभागृहाचं सगळं लोखंडी काम मला, अट एकच... ढोल सोडून परत यायचं.

हात जोडले आणि नाही म्हणालो. काम साडेचार लाखांचं होतं.