गोदाबाईंची फाईल

शालन ओव्हाळ यांनी एकतीस वर्षं सरकारी कचेरीत मराठी टंकलेखन केलं आणि त्या एकतीस वर्षांत कळांकडे एकदाही पाहिलं नाही. नजर मसुद्यावर, बोटं आपल्या वाटेनं. नव्याण्णव साली सगळं पुणं कॉम्प्युटरच्या क्लासला पळत सुटलं, तेव्हा बाईंनी धायरीच्या घरात थेट कॉम्प्युटरच आणून ठेवला आणि मराठी फॉन्टही तोच घेतला, ज्याच्या कळा जुन्या टाइपरायटरसारख्या होत्या. नवं शिकायचं कशाला, बोटांना येतंय की!

दहा वर्षांनी तो कॉम्प्युटर विहाराच्या अभ्यासिकेला द्यायचं ठरलं. रविवारी चार वाजता विहाराचे सुखदेवभाऊ टेम्पो घेऊन येणार होते. त्याआधी हार्ड डिस्क पुसून द्यायची, म्हणून हिंजवडीत नोकरी करणारी लेक निकिता पेचकस घेऊन बसली होती. तेवढ्यात शालनताई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अगं, आईची फाईल!"

त्यांच्या आई गोदाबाई छप्पन साली दीक्षेला नागपूरला गेल्या होत्या. ती हकिकत शालनताईंनी आईसमोर बसून टाइप केली होती. उद्या छापू, उद्या छापू म्हणता म्हणता गोदाबाई गेल्या आणि छापायचं राहूनच गेलं. जी काही आई उरली होती, ती त्या डब्यात होती.

नेमका आज डबा काही सुरू होईना. निकितानं डिस्क बाहेर काढली, वायरीनं लॅपटॉपला जोडली. अर्धा तास घरघर ऐकल्यावर फाईल सापडली. उघडली, तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी.

"करप्ट झालीय गं, आई. सगळा कचरा आहे."

शालनताई टेबलाशी येऊन खुर्चीत बसल्या. छापून का नाही ठेवलं, म्हणून स्वतःचाच इतका राग आला की डोळे भरले. तशाच त्या पडद्याकडे बघत राहिल्या. व्ही, के, बी, मोठा झेड. आणि टेबलावर पडलेली त्यांची बोटं आपोआप हलली.

"आई!" त्या किंचाळल्या.

"मी तुझी मुलगी आहे," निकिता म्हणाली.

"तू गप्प बस. इथं 'आई' लिहिलंय! व्हीच्या कळेवर अ, केवर काना. हा कचरा नाही गं, माझ्या कळा आहेत!"

"म्हणजे फाईल चांगली आहे, फक्त फॉन्ट नाहीये? थांब, नेटवर शोधते."

"फॉन्ट कशाला? मी आहे की! तू अक्षरं सांग."

मग जी धमाल उडाली ती विचारू नका. निकिता लॅपटॉपवरून एकेक अक्षर ओरडते आहे, शालनताई डोळे मिटून जेवणाच्या टेबलावर बोटं बडवताहेत आणि टेबलातून गोदाबाई बोलताहेत. सुखदेवभाऊ दारात येऊन "जय भीम, शालनताई" म्हणाले, तर त्यांना "जय भीम, बसा, ई, मोठा के?" असं उत्तर मिळालं. ते चपला न काढताच खुर्चीच्या टोकावर बसले. माणसं बरी आहेत ना, याचा अंदाज घेत असावेत.

गोदाबाई सांगत होत्या, "गाडीला ही गर्दी! खिडकीतून आत घुसले, तर नवं पांढरं लुगडं टर्रकन फाटलं. नागपुरात हात जोडलं की लुगडं सुटतंय, लुगडं धरलं की हात सुटतोय. शेजारची बाई, ना वळखीची ना पाळखीची, मागं बसून टाकं घालायला लागली. मी पुढं बघून एकेक प्रतिज्ञा म्हणतीय, आन् ती मागनं सुई टोचतीय!"

सुखदेवभाऊ इतके हसले की खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय हेही त्यांना ऐकू आलं नाही. निकिता हसता हसता रडायलाच लागली. आजी गेली तेव्हा ती बारावीच्या क्लासच्या धावपळीत होती. इतका वेळ आजीजवळ ती कधी बसलीच नव्हती.

"पुढं सांग," शालनताई म्हणाल्या.

"मोठा एफ, के, के, ए, सी."

"थांब," बोटांनी वाचलं. मग अक्षरं येत गेली आणि शालनताई हळूहळू वाचत गेल्या, "थांब. घसा सुकला. अगं, हेबी टायपतीस व्हय? येडी हाय का तू? ऊठ, च्या टाक."

सांगेल ते सगळं उतरवायचं, ही कचेरीची सवय. शालनताईंची बोटं टेबलावर थांबली. गालांवरून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं.

"पुढचं अक्षर?"

"पुढं काहीच नाही गं, आई. फाईल संपली."

"संपणारच," शालनताई म्हणाल्या. "मी चहा टाकायला उठले होते."