थांबणारा पायलट

डिचोली तालुक्यात वाहतुकीचे सगळे नियम पाळणारा माणूस एकच होता आणि तो माझा सख्खा मामा होता. हे मी अभिमानाने सांगतो आहे असे समजू नका. त्या नियमांपायी माझा एका मुंजीचा मुहूर्त चुकला आहे, दोनदा पणजीची बस गेली आहे, आणि ज्या लग्नाला आम्ही जेवायला म्हणून निघालो होतो तिथे पोचलो तेव्हा आचारी भांडी घासत होते. मामांना त्याचे काही वाटले नाही. हेल्मेट काढून, हात धुऊन ते आचाऱ्यांच्या पंगतीला बसले आणि दोनदा सोलकढी मागून घेतली.

मामा पायलट होते. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की आमच्याकडे पायलट म्हणजे मोटारसायकलवरून भाडे नेणारा माणूस. पुढचे मडगार्ड पिवळे रंगवलेली काळी गाडी, मागे एक गिऱ्हाईक, गिऱ्हाइकाच्या मांडीवर बाजाराची पिशवी आणि पिशवीतून बाहेर डोकावणारी माशाची शेपटी. माझे लग्न कोल्हापूरकडे ठरले तेव्हा ही गोष्ट सांगायची राहून गेली. मुलाचे मामा काय करतात, असे माझ्या सासऱ्यांनी विचारले आणि आमच्या आईने पेडण्याच्या सरळपणाने सांगितले, "माझो भाव पायलट आसा. डिचोलेक आसता." एवढ्यावर सासऱ्यांनी गावभर सांगून ठेवले. लग्नात त्यांनी मामांना मानाच्या खुर्चीवर बसवले आणि अदबीने विचारले, "सध्या कुठल्या मार्गावर असता?" मामा म्हणाले, "डिचोली-साखळी. केन्ना केन्ना म्हापशें." सासरे जरा थांबले. मोठी माणसे थट्टा करतात, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी पिवळे मडगार्ड त्यांच्या नजरेला पडले, पण तोवर अक्षता पडून गेल्या होत्या.

मामांना शेत नव्हते, माडा-पोफळींचे कुळागर नव्हते. खाणीवर ट्रक चालवायची नोकरी चालून आली होती, पण फेऱ्यांवर पगार म्हटल्यावर त्यांनी हात जोडले. फेरीवर पगार मिळाला की पाय ब्रेकवर राहत नाही, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा दर तीन वर्षांनी नवे करायचे ते लायसन, हीच त्यांची आणि मामीची सगळी इस्टेट होती. गोवा राज्य झाले त्या सुमारास त्यांनी ते काढले आणि आयुष्यभर जपले. शेवटी ते कसे गेले हे सांगायलाच मी बसलो आहे, पण त्याआधी मामा तुम्हाला नीट कळायला हवेत.

या सगळ्याला कारण एक पुस्तक. लायसन काढायचे ठरले तेव्हा मामांनी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून वाहतुकीच्या नियमांचे एक मराठी पुस्तक आणले. असले पुस्तक आम्ही सगळेच आणतो आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी चिन्हांची चित्रे तेवढी पाहून ठेवतो. मामांनी ते पोथीसारखे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले. बैलगाडी कुठून हाकावी आणि गुरांचा कळप रस्ता ओलांडताना गुराख्याने कुठे उभे राहावे, हेसुद्धा त्यांना तोंडपाठ होते. आणि आपण वाचले तसे बाकीच्यांनीही वाचले असणार, असा त्यांचा भाबडा समज होता. समोरून चुकीच्या बाजूने कोणी भरधाव आला तर ते रागावत नसत. "ते पान ताणें वाचूंक ना दिसता," एवढेच म्हणत.

गाडीला इंडिकेटर असूनही मामा हात दाखवत. वळायचे असले की हात सरळ बाहेर, वेग कमी करायचा असला की तोच हात वरखाली. आता तीसच्या वेगाने जाणारा माणूस आणखी कमी काय करणार, हे कोणाला कळत नसे. साखळीच्या रस्त्यावर काजू विकायला बसणाऱ्या बायकांना वाटे, हा रोज आपल्याला भाव उतरवायला सांगतो आहे. त्यातली एक दिवसभराच्या उन्हाने तापलेली होती. तिने एकदा त्यांना थांबवून, परवडत नसेल तर घेऊ नकोस पण येता-जाता हात हलवू नकोस, असे चांगले सुनावले. मामांनी गाडी स्टँडवर लावली आणि तिला त्या खुणेचा अर्थ समजावून सांगितला. मागे बसलेले गिऱ्हाईक तोवर पाव किलो काजू घेऊन मोकळे झाले.

मामांच्या गिऱ्हाइकांना अशी सवयच झाली होती. बाजाराकडून मोठ्या रस्त्याला लागताना 'थांबा' अशी एक पाटी आहे. ती पाटी आहे हे डिचोलीत मामांमुळे लोकांना कळले. तिथे ते पाय टेकवून उभे राहत, उजवीकडे बघत, डावीकडे बघत, पुन्हा उजवीकडे बघत. खनिजाचे ट्रक एकामागून एक, लाल धूळ उडवीत, ताडपत्री फडफडवीत जात असत. त्या रांगेत फट सापडेपर्यंत मागचा माणूस उतरून पोदेराकडून पाव आणी, ओळखीच्या माणसाशी दोन शब्द बोले आणि परत येऊन बसे. ज्याला हे सोसत नसे त्याला मामा शांतपणे सांगत, "घाय आसल्यार दुसऱ्या पायलटाक सांग." घाई असलेले दुसऱ्याकडे जात. मामांकडे उरत ते दिवस भरत आलेल्या बायका, दवाखान्यातून घरी चाललेले म्हातारे, अंड्यांचे ट्रे नेणारे दुकानदार आणि काचेचे सामान. डिचोलीतली कितीतरी पोरे जन्माला येण्याआधी मामांच्या मागे बसून फिरली आहेत आणि त्यातल्या एकालाही कधी धक्का बसलेला नाही.

एवढे असून तालुक्यात सर्वांत जास्त वेळा दंड झालेला पायलट कोण, तर मामाच. वळणावर झाडाआड पोलीस उभे असले की समोरून येणारे सगळे दिवे मिचकावून एकमेकांना सावध करतात. मग कोपरात अडकवलेली हेल्मेटे डोक्यावर चढतात, वळण गेले की पुन्हा कोपरात येतात. मामांना कोणी दिवे मिचकावले तर ते थांबून आपलाच दिवा चालू राहिला की काय ते बघत. एकदा हवालदाराने शिट्टी वाजवली ती एका ट्रकला. ट्रकमधले खनिज ताडपत्रीच्या वर डोंगरासारखे रचलेले होते आणि तो मामांना जवळजवळ गटारात घालून पुढे गेला होता. ट्रक गेला निघून, मामा मात्र शिट्टी ऐकून थांबले. थांबलेच आहेत म्हटल्यावर हवालदाराने कागद बघितले. कागदांत काही सापडेना तेव्हा मडगार्डाचा पिवळा रंग फिका पडला आहे असे कारण काढून पावती फाडली. मामांनी पावती नीट घडी करून खिशात ठेवली आणि विचारले, "आनी तो ट्रक?" हवालदार माणूस वाईट नव्हता. तो खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तो थांबना, मामा. जो थांबता ताकाच धरूंक मेळटा." मामांना ते पटले. घरी येऊन त्यांनी मामीला सांगितले की बिचाऱ्याचे काम फार कठीण आहे, आणि दुसऱ्या दिवशी ब्रश आणून मडगार्ड रंगवले.

लग्नानंतर एकदा सासरे आपली गाडी घेऊन आले आणि त्यांना तेरेखोलचा किल्ला बघायची हौस आली. रस्ता दाखवायला पुढे मामा, मागे कोल्हापूरच्या नंबराची गाडी. मोरजीपासून केरीपर्यंत त्या गाडीला तीनदा अडवले. आमचा गुन्हा काय, असे सासऱ्यांनी तिसऱ्या खेपेला काकुळतीला येऊन विचारले, तेव्हा पोलिसाने नुसते नंबरप्लेटकडे बोट दाखवले. हेल्मेट न घातलेली, तीन-तीन माणसांनी भरलेली इथल्या नंबरांची वाहने आजूबाजूने हात हलवीत जात होती. मामा प्रत्येक वेळी परत फिरून येत आणि कोणी न मागता आपलेही कागद काढून सासऱ्यांच्या शेजारी उभे राहत. पाहुण्याला एकट्याला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून. पुढे केरीच्या धक्क्यावर फेरीबोट लागली आणि फळी पडताच जो तो घुसला. मामा रांगेत. मामा रांगेत म्हणून आम्हीही रांगेत. अशा दोन बोटी गेल्यावर सासऱ्यांनी नदीच्या अलीकडूनच किल्ल्याला नमस्कार केला आणि किल्ला छान आहे म्हणाले.

हसत हसत इथपर्यंत आलो, आता पुढचे सांगतो. एकदा संध्याकाळी दिवेलागणीला मामा मुळगावकडून रिकामे परत येत होते. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई रस्ता ओलांडत होती, ती त्यांना दिसलीच नाही. तिने भारा टाकून उडी मारली. गाडी गवतात रुतून थांबली. तीसच्या वेगाने होती म्हणून थांबली. त्या बाईला खरचटलेसुद्धा नाही, उलट तिनेच मामांना पाणी दिले. पण मामा फार हादरले. ही गोष्ट त्यांनी मामीला सांगितली नाही. पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा अंगणात मला एकट्याला सांगितली आणि म्हणाले, "ती वांचली म्हणून हांव वांचलों." त्यानंतर त्यांनी संध्याकाळची भाडी बंद केली. उन्हात सगळे लख्ख दिसते, असे ते म्हणत. मीही ते खरे मानले, कारण मला ते खरे असायला हवे होते.

लायसन नवे करायला आठ दिवस उरले होते. मी पेडण्याच्या एका शाळेत कारकून, म्हणून फॉर्म भरायला मामा नेहमी मला बोलावत. मी बसने गेलो, फॉर्म भरला आणि त्यांच्या मागे बसून डॉक्टरांकडे सर्टिफिकेटासाठी गेलो. हे सर्टिफिकेट कसे मिळते ते सगळ्यांना ठाऊक आहे. डॉक्टर मान वर न करता सही करतात आणि पुढच्याला हाक मारतात. मामांसाठी मात्र दर खेपेला कपाटामागून अक्षरांचा तक्ता काढावा लागे. डॉक्टरांची दोन्ही मुले पोटात असताना बायको मामांच्या गाडीवरून फिरलेली, त्यामुळे ते मामांना आपले मानत. या वेळीही ते हसून म्हणाले, "मामा, तुमच्या दोळ्यांक कितें जालां? बसात, हांव सही मारतां." मामा बसले नाहीत. तक्ता टांगला गेला.

पहिल्या तीन ओळी मामांनी पाढ्यासारख्या म्हटल्या. चौथीवर ते अडले. मी त्यांच्या मागे स्टुलावर होतो आणि मला ते 'भ' स्पष्ट दिसत होते. लायसन गेले तर मामांनी करायचे काय, मामीने काय करायचे, हे सगळे एका क्षणात माझ्या डोक्यात आले आणि मी खोकल्यासारखे करून हळूच 'भ' म्हटले. डॉक्टरांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले. मामांनी मागे वळून पाहिले नाही. नुसते म्हणाले, "तूं भायर बस."

मी बाहेर बाकावर बसलो. दार अर्धवट लोटलेले होते, आतले ऐकू येत होते. मोतीबिंदू असता तर ऑपरेशनने भागले असते, हा डोळ्याचा पडदाच गेला होता आणि तो परत येणारा नव्हता. डॉक्टर म्हणत होते, अजून आठ दिवस तुमच्या हातात आहेत, तेवढे तरी चालवा. मामा म्हणाले, "दोळे आठ दिसांनी वचपाचे न्हय. आदींच गेल्यात." बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात फॉर्म होता आणि 'अपात्र' या शब्दाखाली डॉक्टरांची सही होती. तीही मामांनी मागून घेतली होती. मला म्हणाले, इतकी वर्षे हा माणूस सगळ्यांना पास करतो आहे, एकाला तरी नापास करायला शिकला.

मी किल्लीसाठी हात पुढे केला. मामांनी किल्ली मुठीत ठेवली आणि विचारले, "लायसन हाडलां?" माझे लायसन पेडण्याला कपाटात, नेहमी असते तिथे होते. बसने येणाऱ्या माणसाने ते कशाला आणायचे? मामांनी मान हलवली. रागावले नाहीत. तेव्हा त्या भर दुपारी आम्ही गाडी ढकलत घरी निघालो. बाजारात त्यांच्या बरोबरीच्या पायलटांचा थांबा होता. त्यातल्या एकाने विचारले, "मामा, पेट्रोल सोंपलें?"

"ना," मामा म्हणाले. "लायसन सोंपलें."

कोणी हसले नाही. त्या पायलटाने तोंडातली विडी काढून खाली टाकली आणि दुसऱ्याने आमच्यासाठी आपली गाडी बाजूला घेतली.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर मामा थबकले. गाडी ढकलत नेली तरी ती गाडीच, ती डावीकडून न्यायची. पायी चालणाऱ्याने उजवीकडून चालायचे, समोरची वाहने दिसावीत म्हणून. त्या पुस्तकात तसे होते म्हणे. समोरचे आता दिसत नाही हे त्यांनाही माहीत होते आणि मलाही. तरी ते रस्ता ओलांडून पलीकडे गेले. मी अलीकडून गाडी ढकलतो आहे, पलीकडून मामा चालत आहेत, आणि मधून ट्रकांची रांग. एक ट्रक आला की मामा नाहीसे व्हायचे. मी मान वळवून धूळ बसेपर्यंत थांबायचो. मला रडू येत होते आणि ते लपवायला दोन्ही हात मोकळे नव्हते. असे चार-पाच वेळा झाले. पुन्हा एकदा धूळ खाली बसली तेव्हा पलीकडून त्यांचा आवाज आला.

"हांव आसां रे. तूं मुखार पळय."

मी पुढे बघून गाडी ढकलू लागलो.