डोंगर विकणारा भाऊ

त्याला सगळे डोंगरशेठ म्हणायचे. धंदा घरांच्या दलालीचा. बाकीचे दलाल आधी दिवाणखाना दाखवत, नळ सोडून दाखवत. हा पठ्ठ्या दार उघडलं की गिऱ्हाइकाला थेट खिडकीपाशी नेऊन उभं करायचा आणि स्वतःच्या तोंडाला कुलूप लावायचा. डोंगर विकताना बोलायचं नसतं, असं त्याचं म्हणणं होतं.

गाव तरी कसलं, मोठ्या शहराला झोपायला दिलेली जागा! माणसं सकाळी बसमध्ये कोंबून जायची, अंधार पडल्यावर परतायची. डोंगर बघायला सवड कोणाला? तरी प्रत्येक इमारतीच्या नावात डोंगर होताच, आणि प्रत्येक नवी इमारत मागच्या इमारतीचा डोंगर गिळायची. पुढे कुठे काय उठणार, त्याचे नकाशे डोंगरशेठच्या खणात असायचे.

एक दिवस त्याची थोरली बहीण आली. तिच्या नवऱ्याने, म्हणजे दाजींनी, वनरक्षक म्हणून तीस वर्षं तो डोंगर पायाखाली घातला होता. आता अर्धांगाच्या झटक्याने उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती.

"पलंगावरून डोंगर दिसेल अशी जागा बघ रे. बाकी नळाला पाणी नसलं तरी चालेल मला," ताई म्हणाली.

चौथ्या मजल्यावरचा एक फ्लॅट वर्षभर पडून होता. समोरच्या पटांगणावर पंधरा मजले मंजूर झालेत हे दलालांना ठाऊक होतं, म्हणून तो कोणी दाखवत नव्हतं. दोन्ही इमारतींचा बिल्डर एकच, त्याने सांगून टाकलं होतं, हा जो खपवेल त्यालाच नव्या इमारतीच्या विक्रीचं काम मिळेल. डोंगरशेठने ताईला तोच दाखवला. परक्या दलालाला तिने दहा प्रश्न विचारले असते. सख्ख्या भावाला एकही विचारला नाही. राहतं घर विकून तिने तो घेतला.

आठ महिने दाजी सुखात होते. मग पटांगणात खड्डा पडला, खांब उभे राहिले. मजला चढला की दाजी डाव्या हाताने उशी उंच करायची खूण करत. ताईने एक उशी घातली, मग दुसरी, मग तिसरी. अकराव्या मजल्याला त्यांनी खूण करणं सोडून दिलं.

भाऊ भेटायला आला, तर ताईच त्याची समजूत काढायला बसली.

"तुलाही अंधारात ठेवलं ना रे त्या बिल्डरने? मनाला लावून घेऊ नकोस."

"काय करणार ताई, या धंद्यात कोणाचा भरवसाच राहिला नाही," असं म्हणून तो मेला दोन कप चहा पिऊन गेला. दाजी त्याच्याकडे टक लावून बघत होते. चोर ओळखण्यात त्यांचा जन्म गेला होता, पण जीभ कुठून आणणार?

नव्या इमारतीचे डोंगराकडचे फ्लॅट हातोहात खपले. ताईच्या खिडकीकडे तोंड असलेले उरले. चौथ्या मजल्यावर एक जोडपं आलं. बाई खिडकीपाशी गेली आणि मागे सरकली.

"समोर कोण आहे ते? सारखं इकडेच बघतंय."

डोंगरशेठने जिन्यात जाऊन फोन लावला. "ताई, दाजींचा पलंग आत सरकव. नाहीतर पडदा तरी लाव. गिऱ्हाईक बिचकतं."

ताईने उलट विचारलं, "ही इमारत तू विकतोयस?"

"मग कोण विकणार? लवकर लाव, माणसं उभी आहेत."

तो खोलीत परतला तेव्हा ताई समोरच्या खिडकीत आली होती. तिने त्याच्याकडे एकदा बघितलं. दाजींनी डाव्या मुठीत पडदा घट्ट धरला होता. ती त्यांचं एकेक बोट सोडवत होती. शेवटचं बोट सुटलं आणि पडदा सरकला.

"बघितलंत?" डोंगरशेठ त्या जोडप्याला म्हणाला. "शेजार आपल्या शब्दाबाहेर नाही."